सर्व मापे मिलिमीटरमध्ये

शाळेच्या चित्रकलेच्या बाई स्वतःच्याच घरातल्या पायपुसण्यावरून घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट प्लास्टरमध्ये गेले, यात मिलिमीटररावांचा काडीचाही दोष नव्हता. त्यानंतर जे घडले त्यातला स्वतःचा दोष मात्र त्यांनी लेखी कबूल केला. तोही फळ्यावर, खडूने, बत्तीस साक्षीदारांसमोर.

मिलिमीटरराव हे नाव अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेले नव्हते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन एकेचाळीस वर्षे पंपांच्या कारखान्यात आरेखक म्हणून काढलेल्या या गृहस्थांना ते इमारतीने बहाल केले होते. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या दारावर नवी पाटी लागली, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केले. यांनी मात्र पाटी डावीकडे चार मिलिमीटर उतरली आहे, एवढेच सांगितले. दंतवैद्यांनी त्याच संध्याकाळी जिन्यात हे नामकरण उरकले. पाटी अजून तशीच आहे. नावही.

तर चित्रकलेच्या बाई रजेवर गेल्या आणि दुसरीच्या वर्गाच्या बाईंनी पालकांना विचारणा केली, की शुक्रवारचा चित्रकलेचा तास कोणी घेईल का, विषय हिवाळा.

"बाबा आहेत की घरी," मिलिमीटररावांचा मुलगा जेवताना म्हणाला. "त्यांची हयात चित्रं काढण्यात गेली."

"चित्रं नव्हे, आरेखनं," मिलिमीटररावांनी घास खाली ठेवला. "चित्र चुकलं तर लोक त्याला कला म्हणतात. आरेखन चुकलं तर पंप फुटतो."

"मग हिवाळ्याचं आरेखन करा. हो म्हणून कळवू ना?"

टेबलापलीकडे सात वर्षांची नात, जिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, ती चमचा हवेत धरून बसली होती. "आत येणार?" तिने विचारले. "वर्गात?"

या प्रश्नामागे एक इतिहास होता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मिलिमीटरराव तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जात. एका सकाळी त्यांनी पहारेकऱ्याला सांगितले, की फाटक ओळंब्यात नाही. पहारेकरी म्हणाला, "काका, उघडतं की." त्यावर मिलिमीटररावांनी खिशातून गवंड्याचा दोरीला लटकवलेला टोकदार ओळंबा काढला (तो खिशात का होता, हे त्यांना ओळखणारा कोणी विचारणार नाही) आणि मागे मुलांची रांग कोपऱ्यापर्यंत तुंबलेली असताना त्या फाटकाचे माप घेतले. फाटक अकरा मिलिमीटर कलले होते. घंटा होऊन गेली. सगळी शाळा उशिरा आत गेली आणि भिंगरी दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीपाशी थांबवले. "इथपर्यंतच," ती म्हणाली, आणि एकटी पुढे गेली. तेव्हापासून मिलिमीटरराव टपालपेटीपाशी उभे राहून पाठीवरचे दप्तर दिसेनासे होईपर्यंत बघत असत. पेटीपासून फाटक शहाऐंशी पावलांवर होते. ती त्यांनी रविवारी, शाळा बंद असताना मोजली होती.

"यायचं असेल तर या," भिंगरीने शेवटी निकाल दिला, "पण कुणाची चूक काढायची नाही. फाटकाची नाही. बाईंची तर मुळीच नाही."

"मान्य. आणि तास चांगला झाला तर?"

"तर बघू."

"बघू हे उत्तर होत नाही."

तिने बराच विचार केला. "तर पेटीच्या पुढे यायचं. फाटकापर्यंत."

एवढ्या मोठ्या मोबदल्याचे काम मिलिमीटररावांना कारखान्यातही कधी मिळाले नव्हते. ते त्याच दुपारी तयारीला बसले.

हिवाळा म्हणजे बर्फ. बर्फ म्हणजे हिमकण. आणि हिमकणाला भुजा सहा. येथपर्यंत विचारसरणी निर्दोष होती. कागदाची घडी घालायची, कात्रीने नक्षी कापायची, उलगडायचे. अडचण अशी, की कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा असा दुमडत गेले की भुजा होतात आठ. आठ भुजांचा हिमकण निसर्गात नसतो, आणि जे निसर्गात नाही ते दुसरीच्या मुलांना शिकवण्याचे पाप मिलिमीटरराव करणार नव्हते.

"आठ काय नि सहा काय," जिन्यात भेटलेले दंतवैद्य म्हणाले. "निळा कागद घ्या, त्यावर कापूस डकवा, झाला हिवाळा. कापूस माझ्याकडून न्या, पोतंभर आहे."

"हिमकणाला भुजा सहाच असतात."

"मोजतंय कोण?"

"मी."

"हो, तेही खरंच," असे म्हणून दंतवैद्य आपल्या कललेल्या पाटीमागे अदृश्य झाले.

समोरच्या शिवणकामवाल्या मावशींनी मात्र खरोखर उपयोगी सल्ला दिला. मिलिमीटररावांचा पहिला नमुना उलगडला, तेव्हा सहा भुजांच्या एका हिमकणाऐवजी सहा सुटे तुकडे जमिनीवर पडले होते. मावशी समोरच्या दारात शिवणाच्या यंत्रापाशी बसून बघत होत्या. "काका, घडीची कड सगळी कापलीत तर सुटणारच. थोडी थोडी राखा. कापडाचं जे, तेच कागदाचं." पदविकाधारकाला हे शिलाई यंत्राच्या पलीकडून ऐकावे लागले, याची नोंद त्यांनी मनात केली, पण दुसरा नमुना घडीची कड राखून कापला आणि तो देखणा झाला.

मग त्यांनी बत्तीस मुलांसाठी पुठ्ठ्याचे बत्तीस त्रिकोण कापले, प्रत्येक कोन नेमका साठ अंशांचा. त्रिकोण कागदावर ठेवायचा, त्याच्या कडेने घडी घालायची. चूक होण्याची सोयच नाही. शेवटी पालकांसाठी साहित्याची यादी केली. तिला चौकट होती, क्रमांक होता, आणि खाली उजव्या कोपऱ्यात आखले, तपासले, मंजूर असे तीन रकाने होते. मधोमध सुबक अक्षरांत लिहिले होते: कागद, पांढरा, ३०० × ३००, नग १.

"अहो, तीनशे काय?" आजींनी चष्म्यावरून विचारले.

"यात विचारायचं काय? मापं कशात असतात?"

"मला काय माहीत? मी काय पंप केलेत?"

"सगळ्या जगात आरेखनातली मापं मिलिमीटरमध्येच असतात. प्रत्येक आकड्यापुढे ते शेपूट लावत बसत नाहीत." मिलिमीटररावांनी तिन्ही रकान्यांत स्वतःच सही केली आणि यादी शाळेच्या कार्यालयात नेऊन दिली.

शुक्रवारी ते घंटेच्या अर्धा तास आधी कार्यालयात हजर झाले. तेथे लेखनिकांनी त्यांच्यापुढे एक अर्ज सरकवला. अभ्यागताचा प्रकार या सदरात तीनच पर्याय होते: पालक, विक्रेता, दुरुस्ती.

"मी आजोबा आहे," मिलिमीटरराव म्हणाले.

"आजोबा असा प्रकार नाही."

"मग पालक लिहा."

"पालकांना तासाच्या वेळी वर सोडत नाहीत. विक्रेत्याला तर कार्यालयाच्या पुढेच सोडत नाहीत." लेखनिकांनी थोडा वेळ कपाळ खाजवले आणि चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आणला. "दुरुस्तीला कुठंही जाता येतं. दुरुस्ती करून टाकू?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात दुरुस्ती सुचवत आलेल्या माणसाच्या छातीवर अशा रीतीने तसा अधिकृत बिल्ला लागला. "आणि टोकदार वस्तू आत नेता येणार नाही," लेखनिकांनी बजावले. कात्री, कंपास आणि ओळंबा कार्यालयातच राहिले. ओळंब्याची पावती मागायचा मोह मिलिमीटररावांनी आवरला.

व्हरांड्यात मुख्याध्यापिका समोरून आल्या. त्यांनी चेहरा पाहिलाच नाही, बिल्ला पाहिला. "आलात? बरं झालं. आधी फाटकाचं बघा, नीट लागतच नाही ते."

मिलिमीटररावांच्या ओठांपर्यंत अकराचा आकडा आला. दोन महिन्यांचा अपमान एका शब्दात धुऊन निघणार होता. पण कबूल केलेली अट आठवून त्यांनी तो आकडा गिळला आणि जिना चढले. इतके जड काही त्यांनी आयुष्यात गिळले नव्हते.

वरच्या मजल्यावर मात्र ते जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

दुसरीच्या वर्गाबाहेर भिंतीला टेकवून पांढऱ्या गुंडाळ्या उभ्या होत्या. काही त्यांच्या उंचीच्या, काही त्याहून उंच. एक वडील खांद्यावर सतरंजीएवढी गुंडाळी घेऊन घाम पुसत होते. एका मुलीने गादीवरची चादर आणली होती, कारण एवढा कागद गावात कुठे मिळालाच नव्हता. कोणाच्या आईने शे-दीडशे छोटे कागद खळीने जोडून एक मोठा कागद केला होता आणि तो उघडताना फाटू नये म्हणून ती स्वतः सोबत आली होती. एका मुलापुढे मात्र गुंडाळीऐवजी साध्या कागदांचा गठ्ठा होता, आणि त्यावर वडिलांची चिठ्ठी: "सोबत तीनशे. दुसरे तीनशे सोमवारी देतो."

"काका, या या," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "मोठाच बेत केलाय तुम्ही! तीन मीटर बाय तीन मीटर!"

"तीन..." मिलिमीटरराव पुन्हा गुंडाळ्यांकडे वळले.

"पालकांच्या फोनवरच्या गटावर खूप चर्चा झाली, तीनशे म्हणजे तीनशे काय. मीच सांगितलं, सेंटीमीटर असणार. दुसरीत सेंटीमीटरच आहे, मिलिमीटर चौथीत येतं. तरी मला जरा शंका होती, म्हणून तुमच्या नातीलाच विचारलं, की आजोबांची चूक तर नाही ना झाली?" बाईंनी हसून भिंगरीकडे बघितले. "ती म्हणाली, माझे आजोबा मापात कधीच चुकत नाहीत."

गटावर मिलिमीटररावांचा मुलगाही होता; पण त्याने त्या गटाचा आवाज जून महिन्यापासून बंद ठेवला होता.

मिलिमीटररावांनी पिशवीतून यादीची मूळ प्रत काढली. सर्व मापे मिलिमीटरमध्ये, ही ओळ खाली डाव्या कोपऱ्यात असणारच; शाळेने छायाप्रत काढताना ती कापली असणार. डावा कोपरा कोरा होता. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागेही नव्हती. आणि मग उभ्या उभ्या त्यांना उमगले, की एकेचाळीस वर्षांत ती ओळ त्यांनी एकदाही हाताने लिहिली नव्हती. कारखान्याच्या कागदावर ती छापूनच येत असे. घरच्या कागदावर कोण छापणार? उजव्या कोपऱ्यातून त्यांच्या तीन सह्या त्यांच्याकडे बघत होत्या. कारखान्यात तपासणारा वेगळा असतो, तो उगीच नव्हे.

छायाप्रतीची सबब अजूनही शिल्लक होती. सुबक होती, कोणालाही पटली असती, आणि लेखनिक काही वर येऊन खुलासा करणार नव्हते. दुसऱ्या बाकावर भिंगरी बसली होती. तिचे कान लाल झाले होते. शेजारची मुलगी तिला कोपराने ढोसत होती. ती आजोबांकडे बघत नव्हती, त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

मिलिमीटररावांनी खडू उचलला.

"मुलांनो," ते म्हणाले, "माझी चूक झालेली आहे. मला मिलिमीटर म्हणायचं होतं. एवढाच कागद हवा होता," त्यांनी हातांनी वीत-दीड वीत जागा दाखवली, "आणि मी एकक लिहायला विसरलो."

मग मागच्या बाकावरून एक उल्हसित आवाज आला, "एकक नाही! अर्धा गुण गेला!"

"अर्धा गुण गेला! अर्धा गुण गेला!" सगळा वर्ग बाके वाजवू लागला. आपल्याला रोज जे सोसावे लागते ते कोणा पांढऱ्या केसांच्या माणसालाही सोसावे लागते, याचा त्यांना झालेला आनंद निखळ होता.

"गेला," मिलिमीटररावांनी मान्य केले, आणि फळ्यावर अशा अक्षरांत लिहिले की छापल्यासारखे वाटावे: दुरुस्ती क्रमांक १. सर्व मापे मिलिमीटरमध्ये. खाली सही केली. मग तपासले असे लिहून त्यापुढे रेघ ओढली आणि खडू भिंगरीपुढे धरला. ती सावकाश उठली, ओळ शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचली, आणि आपले नाव लिहिले.

"पण आजोबा," ती हळूच म्हणाली, "एवढा कागद आलाय तर..."

"तर काय?"

"मोठाच करू या ना. तीन मीटरचा."

मिलिमीटररावांनी गुंडाळ्यांकडे बघितले. मग पुठ्ठ्याच्या त्रिकोणांकडे बघितले आणि आठवड्यातली पहिली शुद्ध आनंदाची लहर त्यांच्या अंगातून गेली. कागद दहापट झाला म्हणून कोन दहापट होत नाही. साठ अंश ते साठ अंशच! त्यांचे बत्तीसही त्रिकोण अजून बरोबर होते.

तीन मीटरचा कागद वर्गात उलगडेना. सभागृह हवे होते. पण सभागृहासाठी तीन दिवस आधी अर्ज लागतो, असे बाई म्हणाल्या. निरोप कार्यालयात गेला. उत्तर आले: दुरुस्तीला परवानगी लागत नाही. त्या बिल्ल्याच्या मागोमाग दोघा-दोघांच्या जोडीने, एकच गुंडाळी सहा जणांनी उचलून, दुसरीचा वर्ग सभागृहात उतरला. उरलेल्या गुंडाळ्या बाईंनी पुढच्या वर्षांच्या साठ्यासाठी ठेवून घेतल्या. चादर आणणाऱ्या मुलीला चादर परत न्यायची सक्त ताकीद मिळाली.

कागद अर्धा दुमडला. मधल्या बिंदूवर पुठ्ठ्याचा त्रिकोण ठेवला, त्याच्या कडेची रेघ पुढे वाढवायला तीन मुले एकापुढे एक आडवी झोपली, आणि त्यांच्या रांगेने घडी पडली. मधला मुलगा हसला की रेघ हलत असे. मिलिमीटररावांनी ती त्रुटी मान्य मर्यादेत धरली. सहा पदरी कागद तयार झाला आणि तेव्हा कळले, की मुलांच्या बिनटोकाच्या कात्र्या त्याला ओरखडाही काढू शकत नाहीत.

"ही चालते का बघा, काका." दारात पहारेकरी उभा होता, तोच, फाटकाचा. त्याच्या हातात बागेचे कुंपण छाटायची, दोन हातांनी चालवायची कात्री होती. "हिला टोक नाही. नियमात बसते."

ती कात्री तो आणि मिलिमीटरराव यांनी एकेक दांडा धरून चालवली. भिंगरी पुढे उभी राहून ओरडत होती, "घडीची कड राखा, आजोबा! मावशींनी सांगितलंय!" तिला हे आजींकडून कळलेले दिसत होते. एरवी मिलिमीटररावांना हे झोंबले असते. आज त्यांनी कड राखली. मधल्या वेळेत बाकीच्या मुलांनी तीनशे कागदांच्या गठ्ठ्यातून आपापले छोटे हिमकण कापले. त्रिकोण प्रत्येकाकडे होता. तरीही चार भुजांचे झाले, पाच भुजांचे झाले, आठांची तर रास पडली, आणि एका मुलीचा सात भुजांचा झाला. कागदाच्या घडीतून सात भुजा कशा निघाल्या, हे मिलिमीटररावांना आजतागायत उलगडलेले नाही. त्यांनी तो निरखला, दोनदा मोजला, तोंड उघडले, आणि म्हणाले, "सुंदर आहे." अट ती अट.

मग मोठा कागद उलगडला. बत्तीस मुले कडेने धरून एकेक पाऊल मागे सरत गेली. "एक! दोन! तीन!" भुजा मोजण्याचा आवाज कार्यालयापर्यंत गेला. सहाला छत हादरले. मिलिमीटररावांनी मनातल्या मनात पुन्हा मोजल्या. सहाच.

तो जिन्याच्या मोकळ्या जागेत, दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडला. वारा आला की तो सावकाश गिरकी घेई. मुख्याध्यापिका खाली येऊन बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या. "आम्ही एवढ्याची अपेक्षा केली नव्हती," त्या म्हणाल्या.

"मीही नाही," मिलिमीटरराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"फाटकाचं मात्र राहिलं हं तुमचं."

सोमवारी सकाळी आजोबा आणि नात नेहमीप्रमाणे निघाले. टपालपेटी आली. मिलिमीटररावांचे पाय सवयीने थांबले. भिंगरीचे थांबले नाहीत, आणि त्यांचा हात तिच्या हातात होता. पुढची शहाऐंशी पावले त्यांनी मोजली नाहीत; शुक्रवारचा सात भुजांचा हिमकण कसा झाला असेल, यावर ती सतत बोलत होती.

फाटकापाशी पहारेकऱ्याने सलाम केला. मिलिमीटररावांनी पायांकडे बघितले, आकाशाकडे बघितले, फाटक सोडून सगळीकडे बघितले.

"सांगा ना त्यांना," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"ते फाटकाचं. त्यांनाच दुरुस्त करायचंय आता."

"खरंच, काका," पहारेकरी म्हणाला, "मिस्त्री यायचाय आज. किती होतं हो ते?"

मिलिमीटररावांनी घसा साफ केला. "अकरा," ते म्हणाले.

भिंगरीने त्यांचा हात हलवला. "अकरा काय?"